पायरीबाईंचे वीसपैकी वीस

पायरीबाईंना हे नाव कुणी ठेवलं ते शाळेत कुणालाच सांगता यायचं नाही. का ठेवलं ते मात्र पहिलीतलं पोरही सांगेल. गणिताचं उत्तर बरोबर आलं म्हणून या बाई कधी कुणावर खूश झाल्या नाहीत. "पायऱ्या कुठायत?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पायऱ्यांशिवाय आलेलं उत्तर शेजारच्या बाकावरून आलेलं असतं, हे त्यांचं पक्कं मत होतं आणि बहुतेक वेळा ते खरंही निघायचं.

तास संपताना त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य यायचं. "समजलं? ज्याला समजलं नाही त्याने हात वर करावा." हे त्या अशा काही आवाजात म्हणायच्या की वर निघालेला हात वाटेतच डोकं खाजवून खाली यायचा. माझ्या वर्गात न समजलेलं कुणी राहत नाही, असं त्या शिक्षकांच्या खोलीत चहा घेता घेता सांगायच्या. सांगताना थोड्या फुगायच्याही. इतकी वर्षं शिकवल्यावर माणूस फुगणारच, त्यात काही पाप नाही.

मग शाळेने ठरवलं की दर आठवड्याची चाचणी आता ऑनलाइन घ्यायची. बाईंनी चाचणी तयार करायची, लिंक वर्गाच्या ग्रुपवर टाकायची, मुलांनी घरच्या मोबाईलवर सोडवायची. शिक्षकांना हे सगळं शिकवायला एक तरुण बाई आली, पायरीबाईंच्या मुलीच्या वयाची. तिची बोटं लॅपटॉपवर इतकी भराभर चालत होती की पायरीबाई एक गोष्ट लिहून घेईपर्यंत ती चार गोष्टी पुढे गेलेली असायची. कानावर एवढंच पडत राहिलं : गुण आपोआप, निकाल आपोआप, पर्याय मागेपुढे करणंही आपोआप. शेवटी तिने हसून विचारलं, "कुणाला काही अडचण?"

शेजारी बसलेले विज्ञानाचे सर मान डोलवत होते. समोरच्या भाषेच्या बाईही डोलवत होत्या. पायरीबाईंना लॅपटॉप चालू कसा करायचा आणि बंद कसा करायचा एवढंच समजलं होतं, मधलं सगळं राहिलं होतं. हात वर करावा असं मनात आलं. तेवढ्यात त्या तरुण बाईची नजर त्यांच्यावरून फिरली आणि पायरीबाईंनी जोरात मान डोलवली. "समजलं," त्या म्हणाल्या. वर "सोपं आहे" असंही म्हणाल्या. तेवढं तरी म्हणायला नको होतं.

घरी येऊन त्यांनी मुलीला फोन लावला. मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला, सदा घाईत. तिने एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा तिचा आवाज चढला. "आई, अगं किती वेळा तेच ते सांगू? लक्ष कुठंय तुझं?" हे वाक्य पायरीबाईंच्या चांगलंच ओळखीचं होतं. वर्गातले त्यांचेच शब्द, आवाजाची पट्टीसुद्धा त्यांचीच. "समजलं, समजलं," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि उगाचच ओटा पुसायला घेतला.

त्यांचे यजमान बसचे निवृत्त कंडक्टर. गाडी सुटून जमाना झाला, पण बोलणं सुटलं नव्हतं. "चला, पुढे सरका, मागे जागा आहे," असं म्हणत ते स्वयंपाकघरात शिरायचे. बायकोचा चेहरा बघून ते म्हणाले, "येत नाही तर नाही म्हणून सांग की. मला गणित येत नाही, मी सांगतोच ना सगळ्यांना?"

"तुमचं वेगळं," बाई म्हणाल्या. "मी शिक्षिका आहे."

तर पुढची भानगड कळायची असेल तर बाईंची एक सवय माहीत पाहिजे. पर्यायांचे प्रश्न काढायचे झाले की कच्च्या कागदावर त्या बरोबर उत्तर नेहमी पहिलं लिहायच्या आणि चुकीची तीन मागाहून. म्हणजे उत्तरांचा वेगळा कागद करायला नको, आणि तपासताना डोळे मिटूनही चूक व्हायला नको. मग पक्की प्रत लिहिताना त्या पर्याय मागेपुढे करायच्या. आयुष्यभर हे असंच चाललं होतं. आता ऑनलाइन चाचणी करताना त्यांनी कच्च्या कागदावरचं जसंच्या तसं भरलं. मागेपुढे करायचं काम ते आपोआपवालं यंत्र करणार होतं ना! त्यासाठी एक बटण दाबावं लागतं, हे त्या तरुण बाईने सांगितलं होतं. ते सांगितलं तेव्हा पायरीबाई त्याच्या आधीचं वाक्य लिहून घेत होत्या.

झालं. चाचणी गेली, निकाल आला. एक मुलगी सोडून अख्ख्या वर्गाला वीसपैकी वीस.

इथं बाईंना शंका यायला हवी होती. एरवी दोन वह्यांत एकाच जागी खाडाखोड दिसली तरी त्यांच्या नाकाला वास यायचा. आणि या वीसवाल्यांत 'गोलकीपर'ही होता. उत्तर कुणाकडूनही आलं तरी हा दोन्ही हातांनी अडवणार आणि बाहेर घालवणार, म्हणून त्याचं नाव गोलकीपर. त्यालाही वीस! शंका आलीही असेल, पण बाईंनी तिला बसायला जागा दिली नाही. कारण निकाल आधी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, पाहिला होता, आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर टाळ्या वाजवून म्हटलं होतं, "बघा, वयाची कारणं सांगता ना तुम्ही? या बघा आपल्या पायरीबाई!" विज्ञानाच्या सरांनी तर त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवूनच ठेवलं. "बाई, आम्हालाही शिकवा एकदा," म्हणाले. इतके दिवस मनात कुढत बसलेल्या बाईला त्या टाळ्या किती गोड लागल्या असतील! त्या गोडीत अक्कल थोडी बाजूला सरकली.

राहिली ती एक मुलगी. शिंप्याची मुलगी, अंगाने काडी, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणायचे. तिला चौदा. वर्गात खरं गणित येणारी ती एकटी, हे बाईंना पुरतं ठाऊक होतं. गावातल्या शाळांची गणिताची स्पर्धा तोंडावर आली होती, शाळेतून तिघंच जायचे होते आणि त्या तिघांत टाचणीचं नाव बाईंनी मनातल्या मनात केव्हाच घातलेलं होतं. आता ज्यांना वीस आहेत त्यांना सोडून चौदावालीला कसं पाठवणार? बाईंना तिचा राग आला. आपल्या चांगल्या निकालावर तिने डाग पाडला, हाही राग त्यात होताच.

"उभी राहा," त्या वर्गात म्हणाल्या. "सगळ्यांना वीस आणि तुला चौदा? मोबाईल हातात आला की तुझंही लक्ष उडालं ना? गोलकीपरकडून शिक काहीतरी."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मग वर्गात एक विचित्र शांतता पसरली. बाईंना वाटलं, धाक. टाचणी खाली बघत उभी होती. संध्याकाळी बाईंनी तिच्या वडिलांना निरोप धाडला, मुलीच्या हातात मोबाईल देत जाऊ नका. स्पर्धेच्या नावांतून तिचं नाव गेलं.

पुढच्या सोमवारी दुसऱ्या शाळेतले दोन शिक्षक पायरीबाईंचा वर्ग बघायला येणार होते. ही कल्पना मोठ्या बाईंची. रविवारी दुपारी बाई घरी तयारीला बसल्या. मुलांना मोबाईलवर चाचणी दिसते कशी, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. त्यांनी तीच चाचणी मोबाईलवर उघडली आणि मोबाईल यजमानांच्या हातात दिला. "तुम्ही विद्यार्थी. सोडवा."

यजमान आरामखुर्चीत पसरले आणि अंगठ्याने पटापट दाबत सुटले, जशी तिकिटं फाडावीत.

"अहो, वाचताय तरी का?"

"वाचायचं कशाला? बटणं चालतात का ते बघायचंय ना तुला? वरचं वरचं दाबतोय."

मोबाईल टिंग करून वाजला. यजमानांनी डोळे बारीक करून वाचलं आणि ते खुर्चीतच उठून बसले. "अगं, वीसपैकी वीस! खाली 'शाब्बास' लिहिलंय! आयुष्यात पहिल्यांदा गणितात पास झालो गं मी!"

बाई हसल्या. अर्धं हसू बाहेर आलं आणि अर्धं आतच राहिलं. त्यांनी मोबाईल हिसकावून घेतला. पहिला प्रश्न, पहिलं उत्तर. दुसरा प्रश्न, पहिलं उत्तर. पुढे बघायची गरज नव्हती, तरी त्या शेवटच्या प्रश्नापर्यंत गेल्या. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते खोटं. जमीन जागच्या जागीच राहते, आपल्यालाच तिच्यात जायचं असतं. ती फिसकन आलेली हसण्याची लकेर, ती शांतता, मोठ्या बाईंच्या टाळ्या, "गोलकीपरकडून शिक" हे त्यांचं वाक्य, सगळं एकदम अंगावर आलं. अख्ख्या वर्गाला माहीत होतं. आठवडाभर ती पोरं त्यांच्याकडे बघून मनात हसत होती, आणि त्या पोरांसमोर त्या ऐटीत फिरत होत्या.

"काय झालं गं?" यजमानांनी विचारलं.

"काही नाही," म्हणून त्या चपला घालून बाहेर पडल्या.

शिंप्याचं दुकान बाजाराच्या टोकाला, एका खोलीचं. दारात मशीन, मागे कपड्यांचे गठ्ठे. शिंपी लगबगीने उठला. "या बाई, बसा. तुम्ही सांगितल्यापासून मोबाईल कपाटात कुलूप लावून ठेवलाय बघा. हातसुद्धा लावू देत नाही तिला." त्याने हे मोठ्या विश्वासाने सांगितलं. बाईंना स्टुलावर बसवेना. टाचणी मागे जमिनीवर बसून एका सदऱ्याची बटणं लावत होती. शिंपी चहा सांगायला बाहेर गेला, तेव्हा बाई तिच्याजवळ वाकल्या.

"चाचणीत सगळी बरोबर उत्तरं पहिली होती. तुला कळलं होतं?"

टाचणीने सुई थांबवली. "हो बाई. तिसऱ्या गणितालाच कळलं. आणि गोलकीपरने मुलांच्या ग्रुपवर टाकलंही होतं, सगळी पहिलीच आहेत, वाचू नका म्हणून."

"मग तू का नाही पहिली दाबलीस?"

"मी गणितं सोडवली," ती म्हणाली. "सहा चुकली." मग जरा घुटमळून तिने वर पाहिलं. "बाई, तुम्ही मुद्दाम केलं होतंत ना ते? कोण पायऱ्या करतं आणि कोण नुसतं दाबतं, ते बघायला? मला तेव्हाच वाटलं. तुमची चूक कशी होईल?"

एवढी बोलणी खाल्ली, स्पर्धा गेली, मोबाईल गेला, आणि या पोरीचा अजून विश्वास की बाईंच्या मनात काहीतरी चांगलं असणार. खरं सांगायची हीच वेळ होती. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण समोरून नजर आली की न समजताच डोलायची त्या मानेला सवयच लागली होती. बाईंची मान हलली.

"हो," त्या म्हणाल्या. "मुद्दाम."

टाचणीचा चेहरा असा उजळला की बाईंना तिकडे बघवेना. "मला वाटलंच होतं!" ती म्हणाली. शिंपी चहा घेऊन आला तेव्हा बाई रस्त्यावर पोचल्या होत्या.

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. यजमानांनी दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं. बाईंनी स्वतःची समजूत घालून पाहिली : पोरीला बरंच वाटलं ना? स्पर्धेत नाव परत घालता येईल. उलट कॉपी करणाऱ्यांना चपराक बसेल. एकही गोष्ट खोटी नव्हती, आणि तरीही सगळं मिळून खोटं होतं. हे त्यांना गणितासारखं स्पष्ट दिसत होतं. स्वतःची इतकी शरम त्यांना कधी वाटली नव्हती. लॅपटॉप येत नाही ही शरम याच्यापुढे काहीच नव्हती.

सोमवारी त्या वर्गात शिरल्या तेव्हा मुलं एरवीपेक्षा ताठ बसली होती. मागच्या भिंतीपाशी खुर्च्या टाकून मोठ्या बाई आणि दोन पाहुणे शिक्षक बसले होते. बाईंनी लॅपटॉप उघडला नाही तोच गोलकीपर उभा राहिला. तोंड लाल झालेलं.

"बाई, माफ करा. आम्हाला टाचणीने सकाळी सांगितलं, तुम्ही मुद्दाम केलं होतंत. मी एकही गणित सोडवलं नाही. मी पहिलंच दाबत गेलो. आणि सगळ्यांना मीच सांगितलं."

त्याच्यामागे आणखी एकजण उठला. मग एक मुलगी. बघता बघता निम्मा वर्ग मान खाली घालून उभा. टाचणी तेवढी बसली होती, आणि बाईंकडे डोळे लावून बघत होती.

मोठ्या बाईंना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. झाला तेव्हा त्या खुर्चीतून उठल्याच. "म्हणजे ही प्रामाणिकपणाची परीक्षा होती? आणि आम्हाला पत्ताही लागू दिला नाहीत! वा, पायरीबाई!" त्या पाहुण्यांकडे वळल्या. "बघा, यंत्र नवं, पण शिक्षक खरा." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या.

बाई फळ्यापाशी उभ्या होत्या. समोर निम्मा वर्ग त्यांच्या चुकीची शरम स्वतःच्या मानेवर घेऊन उभा होता, आणि गोलकीपरच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. या पोराला वर्षानुवर्षं ओरडून त्यांनी कधी रडवलं नव्हतं. आज खोटं बोलून रडवलं होतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. टाळ्या चालूच होत्या, म्हणून त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. "थांबा हो. हे खरं नाही."

टाळ्या थांबल्या.

"मी मुद्दाम काही केलं नाही. मला येत नव्हतं. उत्तरं मागेपुढे करायला एक बटण असतं, ते मला माहीतच नव्हतं. शिकवायला आलेल्या बाईंनी विचारलं, समजलं का, तर मी समजलं म्हणाले. समजलं नव्हतं." बाईंचा आवाज एरवी शेवटच्या बाकापर्यंत जायचा. आज पहिल्या बाकावरच्यांनाही कान द्यावे लागत होते. "टाचणीला चौदा मिळाले, ते तिचे स्वतःचे आहेत. तुम्हाला मिळालेले वीस माझे आहेत. खाली बसा सगळे. स्पर्धेला टाचणी जाईल. आणि मी तिला वर्गात जे बोलले ते मी बोलायला नको होतं."

एका पाहुण्याने आपल्या बुटांकडे पाहिलं. मोठ्या बाई हळूच खुर्चीत बसल्या. मुलं बसली, पण बाकांचा आवाज होऊ न देता. बोलायचं संपलं आणि तोंडाच्या सवयीने बाईंच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं, नेहमीच्या आवाजात नाही, पण निघून गेलं. "समजलं? ज्याला समजलं नाही त्याने हात वर करावा."

कुणी हात वर करणार नाही हे त्यांना माहीत होतं. त्या वर्गात तो कधी वर आलाच नव्हता. त्या फळा पुसायला वळणार, एवढ्यात तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला. कोपर बाकाला टेकलेलं, बोटं जेमतेम डोक्याच्या उंचीला. टाचणीचा.

"बाई, मला समजलं नाही."

"काय नाही समजलं?"

टाचणी उभी राहिली. कालचा उजळलेला चेहरा कुठल्या कुठे गेला होता. "तुम्हाला येत नव्हतं, ते समजलं. मला वर्गात बोललात, तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, तेही समजलं. पण काल दुकानात तुम्हाला माहीत होतं. मी विचारलं, मुद्दाम केलंत ना, तर तुम्ही हो का म्हणालात?"

बाईंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं, मग दाराकडे. जमीन काही पोटात घेत नव्हती. 'बस खाली' हे शब्द ओठांपर्यंत आले होते. ते त्यांनी गिळले, हातातलं डस्टर टेबलावर ठेवलं आणि त्या पुढे येऊन टाचणीच्या बाकासमोर उभ्या राहिल्या.

"सांगते," त्या म्हणाल्या. "पायरी पायरीने सांगते. पहिली पायरी..." आणि त्या अडकल्या. पुन्हा सुरुवात केली. "पहिली पायरी म्हणजे, मला लाज वाटली."

टाचणी उभीच होती. तिला पुढच्या पायऱ्या हव्या होत्या.